पंगतीत बसलेला माणूस

गणपती उठले की आमच्या देवणीकडं हवा बदलते. आभाळ वर जातं, ऊन पांढरं पडतं आणि शिवारातलं सोयाबीन पान टाकायला लागतं. हिरवं रान चार-आठ दिवसांत पिवळं होतं, मग तांबूस, मग वाऱ्यानं शेंगा खुळखुळू लागल्या की लोकांची झोप उडते. परतीचा पाऊस कधी गाठेल सांगता येत नाही. उदगीरकडं जाणाऱ्या रस्त्याची एक बाजू सोयाबीनला दिली जाते. गाड्या दुसऱ्या बाजूनं जातात, कुणी कुरकुरत नाही. मळणीयंत्राचा आवाज दिवसभर कुठून ना कुठून येत राहतो आणि भुसकटाची बारीक धूळ गळ्याशी, कोपराच्या आत बसून खाजत राहते. त्या धुळीला वास असतो, कच्च्या शेंगेचा, जरासा कडवट, जरासा तेलकट. माझं माहेर मुदखेडचं. लग्न होऊन इथं आले तेव्हा पहिल्या वर्षी त्या वासानं डोकं चढायचं. आता तो आला नाही तर चुकल्यासारखं होईल.

परवा मी गच्चीवर सोयाबीन खालीवर करत होते. अनवाणी पाय दाण्यांत घालून, ओळीनं चालत, तळचे दाणे वर आणायचे. वरचा थर तापलेला, खालचा गार. खाली खोलीत माझी मुलगी मोबाईलवर काहीतरी बघत होती. आवाज वर येत होता. एक बाई कडाडून बोलली, मग जिन्यावरून बॅग गडगडत गेल्याचा आवाज झाला, शेवटच्या पायरीवर दणका. मी थांबले. तो जिना आमचा होता. आमच्या जिन्याची शेवटची पायरी इतरांपेक्षा उंच आहे, तिथं पडलेली वस्तू असाच आवाज करते. पोरीला कुठून तरी आमच्या घरात झालेला तो जुना सिनेमा सापडला होता.

त्या सिनेमाचं नाव सांगून उपयोग नाही, फार कुणी पाहिलेला नाही तो. गोष्ट गमतीची आहे. एका बाईची श्रीमंत आत्या मरताना लिहून जाते की भाचीनं नवरा सोडला तरच प्लॉट तिचा. मग हे दोघं पैशासाठी खोटा घटस्फोट घेतात. एकाच घरात वर-खाली राहतात, वकिलाची नजर चुकवून गच्चीवर भेटतात. पुढं त्या बाईला खरोखरच दुसरं स्थळ येतं, साखरपुड्यापर्यंत गोष्ट जाते, नवऱ्याचा जळफळाट होतो आणि शेवटी दोघं नव्यानं एकमेकांच्या प्रेमात पडतात. ते घर म्हणजे आमचं घर. बाजारपेठेच्या मागच्या गल्लीतलं, खाली दुकानाचं गोदाम, वर आम्ही, त्यावर गच्ची. दिग्दर्शकाला आमची गच्ची हवी होती, ती सुद्धा सोयाबीन पसरलेली. पिवळ्याधमक दाण्यांवर दोघं भेटतात, असं त्याच्या डोक्यात होतं.

सिनेमात पैसा घालणारा माणूस उदगीरचा, माझ्या सासऱ्यांच्या, आप्पांच्या, व्यापारातल्या ओळखीचा. घरगुती सिनेमा आहे एवढंच त्यानं सांगितलं आणि आप्पांनी होकार दिला. विषय कळला तो पहिल्या दिवशी सकाळी. आप्पा कपाळाला विभूती लावून देवघरात बसले होते आणि आमच्या बैठकीत उभी राहून ती नटी म्हणाली, मला घटस्फोट पाहिजे. मग दिवे हलवले आणि ती पुन्हा तेच म्हणाली. मग दुसऱ्या बाजूनं. पुन्हा. आप्पांची पूजा थांबली.

त्या वेळी माझी धाकटी नणंद अर्चना गच्चीवर होती, सोयाबीनमध्ये. ती नांदेडहून, तिच्या सासरहून, माहेरी येऊन राहिली होती. आल्यापासून परत जाण्याबद्दल तिनं कुणाजवळ हो म्हटलं नव्हतं की नाही म्हटलं नव्हतं. घटस्फोट हा शब्द आमच्या घरात कुणी अजून उच्चारला नव्हता.

आप्पा बाहेर आले आणि सासूबाईंना म्हणाले की हे लोक परत पाठवा, घरात असलं बोलणं शुभ नाही. सासूबाईंना आम्ही अव्वा म्हणतो. त्या तांदूळ निवडत होत्या. मान वर न करता म्हणाल्या, "खरं आपल्या घरात आलंच हाय की. आता नकली आल्यानं काय होतंय?"

आप्पा दुकानात निघून गेले. शूटिंग चालू राहिलं.

अर्चनाचं लग्न आम्ही चांगलं पाहून करून दिलं होतं. महेश दिसायला नीटस, बोलायला मऊ, नांदेडच्या एमआयडीसीत एका कंपनीत नोकरीला. दारू नाही, तंबाखू नाही. नणंद सुखात होती हे मी डोळ्यांनी पाहिलेलं आहे. त्यांच्याकडं गेलं की संध्याकाळी महेश कामावरून यायचा, हातपाय धुवायचा आणि चहा घेत ऑफिसातल्या गोष्टी सांगायचा. गोष्टी सांगण्यात त्याचा हात धरणारं कुणी नव्हतं. त्याच्या टेबलाशेजारी बसणारे सय्यदभाई, त्यांची पहिलटकरीण बायको, हिशेब खात्यातल्या तापट मॅडम, साहेबांचा विसरभोळेपणा. आम्ही पोट धरून हसायचो. अर्चना तर त्या सगळ्यांना ओळखायचीच. न भेटता. सय्यदभाईंच्या बायकोला दिवस भरत आले तेव्हा हिनं डिंकाचे लाडू करून पाठवले. मुलगी झाल्याचं महेशनं सांगितलं तेव्हा हिनं स्वतः झबलं-टोपडं शिवलं. आणि एका दुपारी, आपणच नेऊन द्यावं, बाईंची चौकशी करावी, म्हणून ही रिक्षा करून कंपनीच्या फाटकाशी गेली.

फाटकावरच्या माणसानं आत विचारून येऊन सांगितलं की महेश नावाचे एक होते, पण ते केव्हाच गेले. तारीख सांगितली ती हिच्या लग्नाच्या आधीची होती. सय्यद नावाचं तिथं कुणी कधी नव्हतंच.

ही घरी आली. संध्याकाळपर्यंत बसून राहिली. तो नेहमीच्या वेळेला आला, हातपाय धुतले, चहा घेतला आणि म्हणाला, आज काय झालं माहितीय का. मग सय्यदभाईंच्या तान्ह्या मुलीनं म्हणे सगळ्यांना कसं जागं ठेवलं ते त्यानं सांगितलं. हिनं सगळं ऐकून घेतलं. मधे एकदा विचारलंसुद्धा, बाळाचं नाव काय ठेवलं. त्यानं नाव सांगितलं. हिनं त्याला जेवायला वाढलं आणि दुसऱ्या दिवशी सकाळी तो डबा घेऊन बाहेर पडल्यावर एसटीत बसून देवणीला आली.

नंतर फोनवर त्यानं सगळं कबूल केलं. लग्न ठरलं होतं, पत्रिका वाटून झाल्या होत्या आणि नोकरी गेली. उद्या सांगू, परवा सांगू करत अक्षता पडल्या. मग सांगायची जागाच उरली नाही. रोज डबा घेऊन तो गोदावरीच्या घाटावर जाऊन बसायचा, पाऊस असला तर रेल्वे स्टेशनवर. आप्पांनी फ्लॅटसाठी म्हणून जी रक्कम त्याच्या हाती दिली होती, तीच तो महिन्याच्या महिन्याला पगार म्हणून आणून अर्चनाच्या हातात ठेवायचा. ती देवापुढं ठेवायची, हळदीकुंकू वाहायची. बापाचेच पैसे.

आम्हाला सगळ्यांना पैशाचं लागलं. हिला नाही. आल्यावर दोन दिवसांनी चुलीपुढं बसून ती मला म्हणाली, "लाडवाचं मी विचारलं त्याला. म्हणाला, घाटावरच्या बायांना वाटले. वहिनी, पैसे गेले ते गेले. पर सय्यदभाईंची बायको न्हाई, ती पोरगी न्हाई, हे काही मला सोसून नाही राहिलं." आणि मग जणू घरात कुणी गेल्यासारखी ती गप्प झाली. मला तेव्हा त्याचा अर्थ नीट लागला नव्हता. आता वाटतं, तिच्यासाठी खरोखरच माणसं गेली होती. ज्यांच्यासाठी जीव टाकला ती. आणि त्यांचं सुतक धरायचीही सोय नव्हती.

आप्पांचं म्हणणं वेगळं होतं. माणूस वाईट नाही. हात उगारला नाही, बाहेरख्याली नाही. चुकला. आपल्या दुकानात बसवू, शिकंल. त्यांच्या बोलण्यात चूक काढता येत नव्हती. आमचे हे सुद्धा बहिणीला तेच समजावत. मी समजावलं नाही, पण तिनं जावं असं मलाही आतून वाटायचं. कारण मला महेश आवडायचा. त्याला दुष्ट ठरवता आलं असतं तर सगळं सोपं झालं असतं.

अर्चना ना जात होती, ना तोडत होती. सकाळी उठून गच्चीवर जायची. सोयाबीन पसरायची, दुपारी पायानं खालीवर करायची, संध्याकाळी ढीग घालून ताडपत्री ओढायची. मधूनच एक दाणा दाताखाली धरून कट्ट आवाज येतो का बघायची. वाळलं की नाही ते त्यावरून कळतं. सिनेमावाल्यांना तीच गच्ची लागायची, त्यामुळं त्यांच्या नायक-नायिकेच्या चोरट्या भेटी चालू असताना ही कठड्याला टेकून, हातात खराटा घेऊन उभी असायची. नटी पोरगी गोड होती. खोटा घटस्फोट, खोटं भांडण, मग डोळ्यांत खरं पाणी आणायचं, हे सगळं ती फार मनापासून करायची. तिला कुणीतरी अर्चनाचं सांगितलं तेव्हा ती कावरीबावरी झाली आणि माझ्याकडं येऊन माफी मागून गेली. कशाची, ते तिलाही सांगता आलं नाही.

जिन्यावरून बॅग फेकण्याचा प्रसंग एक अख्खी सकाळ चालला होता. अव्वा दर वेळी दचकायच्या. समोरच्या ओट्यावर गर्दी जमायची, लोक हसायचे, पोरं टाळ्या पिटायची. आमच्या गल्लीला त्या हंगामात फार करमणूक झाली. आणि आम्ही घरातली माणसं त्या हसण्यामधून वाट काढत, पाण्याच्या घागरी नेत, देवाला दिवा लावत होतो.

शेवटच्या दिवसांत साखरपुड्याच्या पंगतीचं शूटिंग होतं. आमच्या घरापुढं मांडव घातला, गावातलीच माणसं पाहुणे म्हणून बोलावली. पानं मांडली, जिलेबी खरी आणली. दुपारी मी आणि अर्चना वरच्या खिडकीत उभ्या होतो. तेवढ्यात गल्लीच्या तोंडाशी महेश दिसला. इस्त्रीचा शर्ट, खांद्याला बॅग, एसटीतून उतरून चालत आलेला. अर्चनाला न्यायला आला होता. तो येणार हे आप्पांना माहीत होतं, आम्हाला नव्हतं.

तो मांडवापाशी येऊन थांबला. घराचं दार पंगतीच्या पलीकडं होतं. हातात कागद घेतलेला सिनेमावाल्यांचा एक माणूस घाईनं त्याच्याकडं आला आणि काहीतरी बोलला. महेशनं दाराकडं बघितलं. मी इथला जावई आहे, एवढं एकच वाक्य म्हणायचं होतं. तो काही बोलला नाही. त्या माणसानं त्याची बॅग घेतली, खांद्याला धरून पंगतीत नेऊन बसवलं आणि तो बसला. नंतर दिग्दर्शकाची नजर त्याच्यावर गेली. चेहरा आवडला असावा. त्याला उठवून जळफळत बसलेल्या नायकाच्या शेजारी आणलं. आम्हाला वर ऐकू आलं, तुम्ही याच्या ऑफिसातले मित्र, याची थट्टा करायची, जिलेबीचा आग्रह करायचा.

महेश ऑफिसातला मित्र झाला. काय सांगू, इतकं सुरेख केलं त्यानं. नायकाच्या पाठीवर थाप मारली, कानाशी काहीतरी बोलला, स्वतःच हसला, जिलेबी त्याच्या तोंडाशी नेली. सगळे म्हणाले, पुन्हा एकदा. त्यानं पुन्हा केलं. दर वेळी तितकंच खरं. वाटत होतं, वर्षानुवर्षं दोघं एका टेबलावर डबा खात आले आहेत.

माझं हसू फुटायच्या बेतात होतं. मी अर्चनाकडं पाहिलं आणि ते तिथंच विरलं.

ती खिडकीचा गज धरून उभी होती. हळू आवाजात म्हणाली, "त्याला म्हटलं बस, तर बसला. म्हटलं मित्र हो, तर झाला. वहिनी, मला वाटत होतं खोट्याच्या मागं खरा महेश कुठंतरी असंल. त्याची मी वाट बघून राहिले होते. आपण न्यायला आलोय, हे तरी त्याच्या तोंडून निघायचं."

मी म्हणाले की गर्दीत लाजला असेल. ती म्हणाली, "हाव. लाजलाच. तसाच लग्नातबी लाजला होता."

शूटिंग आटपल्यावर महेश घरात आला. आप्पांनी पाणी दिलं. तो खाली मान घालून बसला होता, ओठाच्या कडेला जिलेबीचा पाक तसाच. अर्चना स्वतःहून बैठकीत आली. रागावली नाही, रडली नाही. दोघांच्या संमतीनं वेगळं होऊ, मी सही करीन, असं तिनं सांगितलं. त्यानं यावरसुद्धा मान हलवली. आप्पा भिंतीकडं तोंड करून बसले. बाहेर मांडव सोडणारी माणसं बांबूंवरून एकमेकांना हाका मारत होती. त्या दिवशी संध्याकाळी सोयाबीनवर ताडपत्री मी ओढली.

पुढच्या उन्हाळ्यात सिनेमा लातूरला लागला. बघायचाच, म्हणून अर्चनानं हट्ट धरला. आम्ही दोघीच गेलो. थिएटर अर्धं रिकामं, पण जी माणसं होती ती हसत होती. आमची गच्ची पडद्यावर इतकी मोठी, इतकी पिवळी दिसत होती की मला ती परक्याची वाटली. साखरपुड्याच्या पंगतीत महेश आला. नायकाच्या शेजारी, ठसठशीत. त्याच्या आग्रहावर पुढच्या रांगेतली एक बाई मोठ्यानं हसली. अर्चना पडद्याकडं बघत राहिली. शेवटी नायक-नायिका सोयाबीनवर एकमेकांच्या गळ्यात पडले, दिवे लागले, आम्ही बाहेर आलो. उन्हात उसाचा रस पिताना ती म्हणाली, छान करतो की काम. त्यात टोमणा नव्हता. खरंच तसं वाटलं होतं तिला.

आता ती लातूरलाच असते. बाहेरगावाहून क्लासला आलेल्या मुलींसाठी मेस चालवते. परवा सिनेमा मोबाईलवर दिसल्याचं मी तिला फोनवर सांगितलं तर तिनं एवढंच विचारलं की सोयाबीन किती वाळलं. मी म्हणाले, दोन उन्हं लागतील अजून. तिच्या मागं कुकरच्या शिट्ट्या होत होत्या. कधीकधी वाटतं, सिनेमातल्या त्या दोघांचं बरं होतं. त्यांचं प्रेम खरं होतं, कागद खोटा होता. आमच्याकडं कागदच तेवढा खरा निघाला.

तो कागद व्हायला मधे बरेच महिने गेले. नांदेडच्या कोर्टात शेवटची तारीख लागली तेव्हा पुन्हा हाच हंगाम होता. तिच्यासोबत मी गेले. उदगीरपासून पुढं दोन्ही बाजूंना पिवळी रानं, कापणाऱ्या बायांच्या रांगा, खिडकीतून येणारी तीच धूळ. कोर्टात महेश आधीच येऊन बसला होता. एकटा. तोच इस्त्रीचा शर्ट. वकिलानं सगळं तयार ठेवलं होतं, विचारतील त्याला हो म्हणायचं, इतकंच काम. नावाचा पुकारा झाला. दोघं आत गेले, मी दारापाशी उभी राहिले.

न्यायाधीश बाई होत्या. कागदावरून नजर न काढता त्यांनी विचारायला सुरुवात केली. महेशला नाव विचारलं, त्यानं सांगितलं. वय विचारलं. मग म्हणाल्या, "काम काय करता?"

अर्जात खाजगी नोकरी असं लिहिलेलं होतं. ते वकिलानं आपल्या मनानं घातलं होतं, अशा ठिकाणी काहीतरी घालावं लागतं म्हणून. महेशनं हो म्हटलं असतं तर कुणी दुसऱ्यांदा विचारलं नसतं.  वकिलानं त्याच्याकडं पाहिलं.

"काहीच करत नाही, मॅडम," तो म्हणाला. "नोकरी नाही मला. लग्नाच्या आधीपासून नाही."

बाईंनी मान वर करून त्याच्याकडं बघितलं.  कारकुनानं लिहून घेतलं. आणि अर्चना रडायला लागली. माहेरी आल्यापासून जी एकदाही रडली नव्हती ती, तोंडावर पदर दाबून, खांदे हलत. बाईंनी थांबून विचारलं की कुणाचा दबाव आहे का, वेळ हवा आहे का, पुढची तारीख घेता येईल. महेश तिच्याकडं बघत होता. मी दारात होते आणि मला खरंच वाटलं की ही आता हो म्हणेल.

अर्चनानं पदरानं तोंड पुसलं. नको, म्हणाली. आणि सही केली. त्यानंही केली.

बाहेर पायऱ्यांवर महेश माझ्यापाशी आला, आप्पांची तब्येत विचारली, अव्वांना नमस्कार सांगितला. अर्चनाकडं बघून त्यानं नुसती मान हलवली आणि फाटकाकडं चालू लागला. उन्हात त्याच्या पाठीवर शर्ट भिजून चिकटला होता. ती तो दिसेनासा होईपर्यंत उभी होती.

परतीच्या एसटीत आम्ही खिडकीपाशी बसलो. कंडक्टर तिकीट देऊन गेला. खिडकीबाहेर एका रानात मळणी चालली होती, धुळीचा पिवळा लोट रस्त्यावर येत होता, मी काच ओढून घेतली. मग राहवलं नाही म्हणून तिला विचारलं, सही करायचीच होती तर रडलीस कामून.

ती बाहेर बघत होती. बघतच म्हणाली, "आता संध्याकाळी तो घरी जाईल, हातपाय धुईल. आज काय झालं माहितीय का, म्हणायला समोर कुणी असणार न्हाई. आणि आज पहिल्यांदा त्याच्याजवळ सांगायला खरं काहीतरी होतं."